गालात हवा भरा

सोमवारी दुकान बंद.
फोंड्याच्या खालच्या बाजारात शटरला कुलूप घालून
मी पेटी स्कूटरला बांधतो
आणि ज्यांना खुर्चीपर्यंत येणं आता जमत नाही
त्यांच्या दाढ्या करायला निघतो.
कवळे, बांदोडे, शेवटी दुर्भाट.
शेवंती म्हणते, सोमवारीसुद्धा?
मी म्हणतो, पुढच्या सोमवारी नक्की.
हे मी तेवीस वर्षं म्हणतोय.

दुर्भाटला घनश्यामबाब कुडतरकर.
खाट खिडकीला लावलेली, खिडकीत जुवारी.
छत्तीस वर्षं खाण कंपनीत कारकून,
कुठली बार्ज किती माती घेऊन खाली गेली
ते वहीत उतरवणारा माणूस.
अजून भोंगा वाजला
की हात उशीखाली पेन्सिल शोधतो.

या वयात गाल आत जातात,
खळगीत वस्तरा नीट बसत नाही.
म्हणून सांगावं लागतं, बाब, गालात हवा भरा.
ते भरतात. डोळे मिटतात. श्वास धरून ठेवतात
लागतो त्याहून जास्त वेळ,
इतका, की मीच घाबरून हात थांबवतो.

एकदा विचारलंच.
ओठांवरचा फेस बोटानं बाजूला करत म्हणाले,
"पोहतोय रे."

नदीपासून चाळीस पावलांवर जन्मलेला हा माणूस
गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेला नाही.
लहानपणी आई सोडायची नाही, तिचा भाऊ बुडालेला.
मग ड्युटी. मग मुली लहान.
मग पन्नाशीचा बाप्या चड्डीवर धक्क्याशी उभा,
लोक काय म्हणतील.
"भीती नव्हती," म्हणाले.
"असती तर बरं, निदान कारण झालं असतं.
उद्या जाऊ म्हटलं, इतकंच.
नदी काय पळून जाते?"
आणि खिडकीकडे बघून हसले.
"नाही गेली बघ. तिथंच आहे. हाच तर वैताग."

मी तुरटी फिरवली.
जाणाऱ्या माणसांच्या हनुवट्या मी पुष्कळ धरल्यात.
कोणी कोर्टातल्या जमिनीचं बोलतो, कोणी दुबईतल्या मुलाचं,
मी हूं हूं करत पातं पुसतो, रस्त्यात विसरतो.
हे चाळीस पावलांचं मात्र
कॉलरमध्ये गेलेल्या केसासारखं
घरापर्यंत टोचत आलं.

त्याआधी त्यांनी विचारलं होतं,
"तुला येतं पोहायला?"
येतं, म्हटलं, बऱ्यापैकी.
"मग तुझं काय राहिलंय?"
मी ब्रश धुवायला घेतला.
स्वच्छ होता, तरी बराच वेळ धूत राहिलो.

शेवंती गच्चीवर सोलं वाळत घालत होती.
बोटं मनगटापर्यंत लाल-काळी.
म्हटलं, चल.
"कुठं?"
नदीवर.
"आता? कोण मेलं?"
अजून कोणी नाही, मी म्हटलं.

ती लगेच उठली नाही.
उरलेली सोलं एकेक करून पसरत राहिली,
आणि मी कठड्यावर बसून राहिलो.
खुर्चीवाल्यांना थांबवायची सवय मला,
कुणासाठी थांबायची नव्हती.
तिच्या उजव्या कानामागे एक भाजल्याची खूण आहे.
कधीची, विचारलं.
"लग्नाआधीची," म्हणाली, मान न वळवता.

दुर्भाटला पोचलो तेव्हा ओहोटी.
पाणी लांब, मध्ये नुसता चिखल.
शेवंतीनं साडी पोटऱ्यांपर्यंत खोचली,
चार पावलांत एक चप्पल गेली,
आणि ती मला इतकी मोठ्यानं बोलली
की धक्क्यावरचा गरीवाला उठून दुसरीकडे गेला.
वर खिडकीत दिवा होता.
त्यांनी पाहिलं की नाही, ठाऊक नाही.
मी चप्पल शोधत कोपरापर्यंत हात घातला
आणि उगाच, गालात हवा भरली.

परतताना ती मागून म्हणाली,
"पुढच्या सोमवारी भरती बघून आण मला."
मी स्कूटर हळू केली.
उद्या, म्हटलं. सकाळी सातला भरती आहे.

मंगळवारी दुकान अकराला उघडलं.
बाकावर तीन गिऱ्हाइकं, वर्तमानपत्र वाचून संपलेलं.
काय झालं, काय झालं, सगळे विचारत होते.
पहिल्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं,
वस्तरा उचलला,
तर नखांत चिखल.